वाढत्या अंगाचं

जून उजाडला की रत्नागिरीतल्या शिंप्यांच्या दुकानांत पाऊल ठेवायला जागा नसते. हल्ली गणवेश तयार मिळतात, पण तयार कपडा कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही, म्हणून तोही शेवटी शिंप्याच्या टेबलावर येतो. दाराशी छत्र्या निथळत असतात, आत ओल्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास भरलेला असतो, आणि पोराला पुढे ढकलत प्रत्येक आई तेच सांगते, "वाढत्या अंगाचं शिवा हां, दादा." शिंपी मान वर करत नाही. टेप लावतो, वहीत आकडा टिपतो आणि मनातल्या मनात दोन इंच वाढवून मोकळा होतो. पोरगं हिरमुसतं. त्याला आजच्या मापाचं हवं असतं, आई पुढच्या वर्षाचं माप देत असते.

मग वर्ष सरतं आणि तीच आई दारात बसून फ्रॉकची दुमड उसवते. आतलं कापड गडद निळं निघतं. वरचं दगडावर आपटून आपटून पार विटलेलं असतं. इस्त्री कितीही फिरवा, जुन्या दुमडीची रेघ जात नाही. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींच्या गुडघ्यांशी हे गडद पट्टे दिसतात. कुणाचा दोन बोटांचा, कुणाचा चार बोटांचा. थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या अंगावर आला असेल तर दोन-दोन रेघा. शाळेवरून जाताना मी रेंगाळते ती या पट्ट्यांसाठी. पोर केवढं उंच झालं ते तिथे उघड दिसतं. त्या वर्षात त्यानं काय पाहिलं, कुणाला रडताना पाहिलं, कुठली गोष्ट कुणाला न सांगता पोटात ठेवली, याचा मात्र पत्ता लागत नाही. तो लागतो पुस्तकांत, कधी पडद्यावर. तोही फार उशिरा, ते पोर चांगलं चाळिशीचं होऊन सांगायला बसलं तर.

मोठं होण्याच्या अशा गोष्टी मी आयुष्यभर गोळा करत आले. त्यातल्या बऱ्याच दक्षिणेकडून, कर्नाटकातून आल्या. याचं मूळ बहुधा आमच्या घराच्या छपरात असावं. आमचं जुनं घर जांभ्याचं आणि वर मंगळुरी कौलं. दुपारी जबरदस्तीनं झोपवलं की मी माळ्यावर उताणी पडून कौलांच्या पोटावरची उठावाची अक्षरं वाचत असे. कारखान्याचं नाव आणि त्याखाली गावाचं: मंगळूर. बासेल मिशनने १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे नेत्रावतीच्या काठच्या मातीची कौलं या सगळ्या किनाऱ्यावर पसरली. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आपल्या डोक्यावर जे आहे ते समुद्रावरून, खालच्या कुठल्या तरी गावाहून आलंय. तिथेही असाच पाऊस पडत असणार, आणि तिथलीही कुणी मुलगी अशीच उताणी पडून हीच अक्षरं वाचत असणार, असं वाटायचं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि मंगळूर एका दिवसाच्या अंतरावर आलं. पण माझ्या मनात ते त्याआधीच छपराइतकं जवळ होतं.

त्यातच १९८६-८७ च्या सुमाराला दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' आली. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओटीवर संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा. मालिका हिंदीतली, पण पडद्यावरचं गाव आम्हाला ओळखीचं होतं: उतरती कौलारू छपरं, ओलेकंच रस्ते, घरापुढचे लाकडी खांब. ती आगुंब्याला चित्रित झाली, घाटमाथ्यावरच्या पावसाच्या गावात, हे फार पुढे कळलं. त्या मालिकेमागची माणसं बघितली की मला किनाऱ्याचा अर्थ कळतो. मूळ लेखक आर. के. नारायण घरी तमिळ बोलणारे, म्हैसूरला राहणारे आणि इंग्रजीत लिहिणारे. दिग्दर्शक शंकर नाग होन्नावरकडचा, घरी कोकणी, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर तयार झालेला आणि नाव काढलं ते कन्नड सिनेमात. मालिकेतल्या स्वामी या शाळकरी पोराचे वडील झालेले गिरीश कार्नाड जन्माने माथेरानचे, वाढले शिरसीत आणि धारवाडला. एवढ्या भाषा ओलांडून तो टोपीवाला पोरगा आमच्या ओटीवर आला, आणि शाळेतून पळून रानात वाट चुकला तेव्हा ओटीवरची सगळी पोरं श्वास रोखून बसली होती. शंकर नाग १९९० मध्ये अपघातात गेला. पस्तिशीतच.

स्वामीची मूळ इंग्रजी कादंबरी १९३५ ची. 'श्यामची आई' पुस्तकरूपात आली तीही १९३५ मध्येच. हा योग मला नेहमी हलवून जातो. एकाच देशातली दोन पोरं एकाच वर्षी छापील पानांवर आली. एकाला क्रिकेटची टीम काढायची होती, दुसऱ्याला आईच्या डोळ्यांतलं पाणी पुसायचं होतं. श्याम आमच्या जिल्ह्यातला. दापोली तालुक्यातलं पालगड हे साने गुरुजींचं गाव. तिथे डिसेंबर १८९९ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि त्या गावाच्या, त्या घराच्या आठवणी त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बसून लिहून काढल्या. आश्रमात रात्री श्यामभोवती मित्र जमतात आणि तो बोलू लागतो, अशी पुस्तकाची मांडणी. म्हणून प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही, रात्री म्हटलंय.

'श्यामची आई' म्हणजे संस्कारांचं पुस्तक, असं म्हणून आपण ते मुलांच्या हाती देतो आणि आपलं काम संपलं समजतो. मला हे मान्य नाही. संस्कार त्यात आहेतच. पण जरा मोठेपणी ते पुन्हा वाचावं. त्यात एक मुलगा आहे, त्याचं घर हळूहळू खचत चाललंय आणि ते तो रोज बघतोय. भाजीत मीठ घालायचं राहून जातं, वडील ती मुकाट्यानं खातात आणि त्यांच्याकडे बघून मुलंही खातात. या प्रसंगातून चांगुलपणाचा धडा काढता येतो, तसा तो काढलाही जातो. मला मात्र त्या जेवणाच्या पंक्तीतला श्याम दिसतो. ताटावरून मान न उचलता घरातली माणसं एकमेकांना कशी सांभाळतात हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं असणार. पुढे सावकाराचा माणूस वसुलीला येतो आणि त्याचं वाटेल ते बोलणं आईला ऐकून घ्यावं लागतं. मुलगा ते पाहतो. आपल्या आईला कुणी बोलू शकतं, आणि आपण काही करू शकत नाही. माझ्या मते श्याम त्या दिवशी मोठा झाला. पोहायला शिकला त्या दिवशी नाही, इंग्रजी शिकायला दापोलीला गेला त्या दिवशीही नाही.

मोठ्या माणसांना जे मुलांपासून लपवायचं असतं, ते मुलांनी पाहिलेलं असतं. ती काही बोलत नाहीत. त्यांच्यापाशी तेवढे शब्दच नसतात. पुढे त्यांच्यातलं एखादं, फार वर्षांनी, बोलायला बसतं आणि आपल्याला पुस्तक मिळतं.

एस. एल. भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरात गेले. त्या आठवड्यात मी 'गृहभंग' पुन्हा काढलं. १९७० ची कादंबरी, हासन-तुमकूर भागातल्या खेड्यातली. कोकणाशी तिचा काही संबंध नाही, तिथे समुद्र नाही आणि पाऊस बेताचा. तरी तिच्यातली नंजम्मा मला पालगडची वाटत आली आहे. नवरा कशाला कामाचा नाही, सासू तोंडाची फाटकी, म्हणून गावच्या कुलकर्णपणाचे हिशेब ही बाई स्वतः लिहिते, आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून विकते. श्यामलाही त्याची आई पत्रावळ लावायला बसवते. एकाच कामाची ही दोन रूपं. श्यामच्या घरी ते शिकण्याची गोष्ट होते, आणि तिकडे पोटाची. पान जोडताना चोय नेमकी कुठे टोचावी, किती खोल न्यावी की पान फाटणार नाही, हे हातांनाच कळावं लागतं. माझ्या आजीच्या हातांना ते कळत होतं. तिनं लावलेली पत्रावळ उचलून धरली तरी एक पान हलत नसे, आणि माझी ताक वाढल्याबरोबर गळायला लागे.

भैरप्पांचं स्वतःचं बालपणही 'गृहभंगा'तल्या पोरांसारखंच प्लेगच्या सावलीत गेलं. आई, भावंडं त्या काळातच गेली. कादंबरीत शेवटी एकच मुलगा उरतो आणि त्याचा हात धरून गावातला म्हातारा जंगम त्याला घेऊन जातो. गिरीश कासारवळ्ळींनी पुढे त्यावर कन्नड दूरचित्रवाणीसाठी मालिका केली. घराघरांत एवढं दुःख मांडायचं धाडस तिथल्या वाहिनीनं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठीत हे कन्नड जग आणून देणाऱ्या उमा कुलकर्णींच्या कामाची रीतही सांगायला हवी. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेपवर नोंदवत. उमाताई ते ऐकत आणि मराठीत उतरवून काढत. 'वंशवृक्ष', 'पर्व' असे ठोकळे या रीतीने मराठीत आले. म्हणजे पुस्तक आधी एका घरातल्या आवाजातून गेलं, मग कागदावर आलं. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात, जे १८२८ पासूनचं आहे, भैरप्पांच्या पुस्तकांची पानं कोपऱ्यांत दुमडून दुमडून मऊ झालेली असतात. ती दुमडणाऱ्यांत मीही आहे.

आणि कासारवळ्ळींचाच 'घटश्राद्ध'. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यावर १९७७ मध्ये त्यांनी केलेला हा पहिला मोठा चित्रपट. यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा, कृष्णधवल, आणि त्या वर्षीचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवलेला. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. नाणी नावाचा छोटा मुलगा वेदाध्ययनासाठी एका अग्रहारातल्या पाठशाळेत येतो. मोठी मुलं त्याला छळतात. गुरुजींची तरुण विधवा मुलगी, यमुना, तेवढी त्याला जवळ घेते. मग यमुनेला दिवस जातात. गावाला कळतं. ज्याच्यापासून दिवस गेले तो बाजूला होतो, आणि जिवंत मुलीचं श्राद्ध घालून बाप तिला जातीबाहेर काढतो. शेवटी नाणीला त्याचे वडील घरी न्यायला येतात आणि जाताना त्याला ती दिसते, केशवपन केलेली, एकटी.

मी तो चित्रपट पाहिला तेव्हा दिवसभर कुणाशी बोलले नाही. पोराचा चेहरा. तो रडत नाही, ओरडत नाही, बापाचा हात झिडकारत नाही. नुसता वळून वळून बघतो. दिग्दर्शकानं त्याच्या तोंडी एक वाक्य दिलं असतं तर सगळं गेलं असतं. आपल्याकडे १९५३ च्या 'श्यामची आई'त अत्र्यांनी माधव वझेंकडून श्याम करून घेतला आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तिथे रडायला मोकळीक आहे, सगळं थिएटर रडायचं म्हणतात. त्या रडण्याला मी कमी लेखत नाही. पण नाणीनं मला रडू दिलं नाही, आणि म्हणून तो अजून गेलेला नाही.

या गोष्टींतल्या पोरांच्या वाट्याला अखेरीस जाणं येतं. स्वामीचा मित्र राजम आगगाडीत बसून जातो, स्वामी फलाटावर राहतो. नाणी बापामागून चालू लागतो. अविनाश अरुणचा 'किल्ला' घ्या. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला 'क्रिस्टल बेअर' हा पुरस्कार दिला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तो सगळा आमच्या किनाऱ्याचा आहे. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावात येतो. बंड्या आणि त्याची टोळी भेटते, सायकली, खेकडे, पाऊस. मित्र त्याला किल्ल्यात मागे टाकून निघून जातात, आणि पावसात एकट्याच उभ्या राहिलेल्या त्या पोराला पाहून माझ्या पोटात अजून कालवतं. पण त्या चित्रपटात मला आणखी खोल लागलेलं दृश्य घरातलं आहे. कार्यालयातून दमून आलेली आई, अमृता सुभाषनं केलेली, आणि तिच्याकडे बघणारा मुलगा. तिलाही इथे कुणी नाही, हे त्याला उमगत जातं. गावात जीव रमू लागतो तोवर पुन्हा बदलीचा कागद येतो.

रत्नागिरीत हा बदलीचा कागद प्रत्येक घरात येतो. कुणाला तो सरकार देतं, कुणाला बारावीचा निकाल. पूर्वी मांडवीहून बोट होती, मग एसटी, आता गाडी. जाणं तेच. या भूमीचे कथाकारही गेलेलेच. साने गुरुजी पालगडवर लिहितात ते नाशिकच्या तुरुंगात. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, पण नोकरी केली मुंबईच्या बेस्टमध्ये, आणि १९५२ मध्ये 'गारंबीचा बापू' लिहिला. गावानं ओवाळून टाकलेलं एक पोर गावाच्याच छाताडावर उभं राहून पुरुष होतं, याची ती गोष्ट. बापूला कुणी मोठं केलं नाही. तो हट्टानं झाला. पेंडसे मुर्डीतच राहिले असते तर त्यांना बापू असा दिसला असता का, कोण जाणे. जो गाव सोडतो त्याच्या डोळ्यांत गाव थांबून राहतं, सोडलेल्या वयात. म्हणून त्याला त्याचा एकेक चिरा सांगता येतो. आणि जो राहतो त्याच्यासाठी गाव रोज बदलत असतं. मग तो गोष्ट कशी सांगणार?

राहिलेल्यांचं मोठं होणं मी पाहिलंय ते शिमग्यात. पालखी देवळातून बाहेर पडते, सहाणेवर येते, ढोल-ताशा पेटतात आणि खांदेकरी तिला नाचवायला लागतात. चाकरमानी रजा टाकून आलेले असतात. एका वर्षी आमच्या शेजारचा मुलगा पहिल्यांदा पालखीखाली गेला. नुकती मिसरूड फुटली होती. त्याच्या वडिलांचा खांदा त्या वर्षी दुखावलेला, म्हणून जागा याची. मी जवळच उभी होते. लाकडाचा भार खांद्यावर आला तसा त्याचा चेहरा बदलला. आधी दचकला, गुडघे वाकले, मग शेजारच्यानं न बोलता पंजा त्याच्या पाठीवर ठेवला आणि पोराला ठेका सापडला. घामानं डोळ्यांत गुलाल उतरला तरी त्यानं हात काढला नाही. बाजूला उभे असलेले वडील पालखीकडे बघत नव्हते, त्याच्याकडे बघत होते. देवीचा भार म्हणजे काय ते त्याला त्या रात्री कळलं असेल. त्याहून जास्त हे कळलं असेल की बाप आता उचलू शकत नाही. यावर कादंबरी कुणी लिहिली नाही. तो मुलगा आज मांडवीला बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. विचारलं तर म्हणतो, त्यात काय सांगायचं.

आणि मुली? पालखीला त्यांचा खांदा लागत नाही. गोष्टींतही फार काळ लागला नाही. नाणी मोठा होतो, यमुना नुसती भोगते. श्याम मोठा होतो, आणि त्याची अक्का गोष्टीत मागेच राहते. म्हणून उर्मिला पवारांचं 'आयदान' हाती आलं तेव्हा मला माझ्याच गावात कुणी नवं दार उघडून दिल्यासारखं वाटलं. उर्मिलाताई इथल्याच. त्यांचं गाव फणसवळे, आणि शाळा रत्नागिरीत. पुस्तक २००३ चं. डोंगर उतरून बाया डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघतात, तिथून ते सुरू होतं. शहरात राहणाऱ्या आम्ही त्या बायांकडून लाकूडफाटा, गवत विकत घेत आलो. त्या कुठल्या चढणीवर दम खायला थांबत, थट्टा करत, कुणाच्या नावानं बोटं मोडत, ते आम्हाला या पुस्तकानं सांगितलं. वडील शिक्षक, ते लवकर गेले. मरताना पोरांना शिकवायचं वचन आईकडून घेऊन गेले. आणि आई बांबूच्या पात्या सोलून सुपं, टोपल्या, म्हणजेच आयदान, विणत राहिली. त्या विकून घर चाललं.

त्यात एक प्रसंग आहे. शाळेत मास्तर या मुलीला शेण काढायला लावतो, मारतो. आई दारात आयदान विणत बसलेली असते. मास्तर रस्त्यानं जाताना तिला दिसतो आणि ती सगळ्यांसमक्ष त्याला जाब विचारते. मुलगी हे बघत असते. श्यामनं आईला ऐकून घेताना पाहिलं होतं. या मुलीनं आईला बोलताना पाहिलं. एकाच जिल्ह्यातल्या या दोन आया आहेत, आणि मला त्यांतली एक निवडायची नाही. पण हे म्हणावंसं वाटतं की आम्ही शाळाशाळांतून एकच आई वाटली. दुसरीही तितक्याच हक्कानं आमची आहे.

उर्मिला पवारांचा जन्म १९४५ चा. त्याच वर्षी याच किनाऱ्यावर, खाली कुंदापूरला वैदेही जन्मल्या. त्याही मुलींच्या डोळ्यांनी लिहितात. स्वयंपाकघर, मागचं अंगण, विहिरीचा काठ, आणि कोपऱ्यात बसून बायकांचं बोलणं ऐकणारी एक मुलगी. त्यांच्या 'अम्मच्ची' या बाईला आपल्या मनासारखं नटायचं असतं, मोकळं हिंडायचं असतं. तिच्यावर हक्क सांगणारा पुरुष ते होऊ देत नाही, आणि छोटी मुलगी ते सगळं पाहून ठेवते. चंपा शेट्टींनी २०१८ मध्ये त्यावर कन्नड चित्रपट केला. फणसवळे ते कुंदापूर, मध्ये किती खाड्या, किती घाट. या दोघी मुली लहानपणी भेटल्या असत्या तर एकमेकींची भाषा त्यांना कळली नसती. पण विहिरीवर कोण कुणाच्या घागरीला शिवत नाही, हे दोघींनाही कळलं असतं. आणि तिथेच दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या असत्या, हेही खरं.

याच २०१८ मध्ये ऋषभ शेट्टीनं कासरगोडच्या कन्नड शाळेवर चित्रपट केला. शाळा केरळात, मुलं कन्नड, आणि शिकवायला मल्याळी मास्तर. शाळा बंद करायचा घाट घातला जातो आणि पोरं ती वाचवायला निघतात. मुलांचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हसत-खेळत जाणारा सिनेमा आहे, पण मी तो हसत पाहू शकले नाही. आमच्याकडे वाड्यावाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट उतरत चाललाय. पोरंच उरली नाहीत. जिथे आहेत तिथे ती अनेकदा दुरून आलेल्या माणसांची आहेत. महामार्गाचं काम, बागेतलं काम, होड्यांवरचं काम.

आमच्या घरामागच्या माळावर रस्त्याच्या कामावरची विजापूरकडची काही कुटुंबं पत्र्याच्या खोल्या करून राहत होती. घरी कन्नड, शाळेत मराठी. त्यांतली चौथीतली एक मुलगी आमच्या ओटीवर येऊ लागली. रविवारी दुपारी मी आजूबाजूच्या पोरांना वाचून दाखवते, त्यात ती मागे, खांबाला टेकून बसायची. मराठी आमच्यासारखीच हेल काढून बोलायची, धाकट्या भावावर ओरडताना तेवढी कन्नड व्हायची. तिच्या फ्रॉकला पट्टा नव्हता. तो कुणीतरी दिलेला होता आणि खालून दोऱ्यानं आखूड करून घेतलेला.

एका रविवारी 'श्यामची आई'तला तो सावकाराच्या माणसाचा भाग आला. वाचून झालं तेव्हा पोरं गप्प होती. तिनं विचारलं, "मग श्याम काय बोलला त्याला?" मी सांगितलं, काही नाही, लहान होता तो. तिला ते पटलं नाही. "लहान म्हणून काय झालं? बघत होता ना तो." मग जराशानं, बाकीची पोरं उठून गेल्यावर, म्हणाली की त्यांच्या मुकादमानंही एकदा अप्पांना सगळ्यांसमोर तसंच केलं होतं. ती डबा घेऊन गेली होती. अप्पांनी तिला बघितलं, आणि तिनं डबा तिथंच ठेवला आणि...

एवढ्यात भाऊ हाका मारत आला आणि ती पळाली. पुढच्या रविवारी मी विचारलं तर म्हणाली, "नंतर सांगते." मे महिन्यात पावसाळ्यासाठी ती सगळी माणसं गावी गेली. दिवाळीनंतर येऊ म्हणाली. पण या तुकड्याचं काम आता उरकत आलंय, आणि पुढचा ठेका लांज्याकडे लागला तर ती तिकडच्या शाळेत जाईल. तिच्या बाईंना मी परवा भेटले. त्यांनी पटावरचं तिचं नाव कमी केलेलं नाही. दाखलाही अजून कुणी न्यायला आलेलं नाही, म्हणाल्या.